सोमवारची मोटार

खैरवाडी, पेडगावजवळ
२० एप्रिल १९५८

चि. सौ. उमादेवीस,

अप्पांचा आशीर्वाद घे. राग असला तरी घे, आशीर्वादाने तुझा राग काही कमी होणार नाही.

माझी मागची चार पत्रं पोचली, हे मला जावईबापूंच्या कार्डांवरून कळतं. दर वेळी अक्षर लिंगराजांचं, सही त्यांची, आणि शेवटी एकच ओळ, 'उमादेवी खुशाल आहे.' मागच्या महिन्यात त्या ओळीपुढे आणखी एक ओळ आली, की तुला दिवस गेले आहेत. तुझ्या आईने ते कार्ड मला तीनदा वाचायला लावलं. स्वतः देवघरात जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पहिल्या बाळंतपणाला तू इथे आलीस आणि रिकाम्या हाताने जालन्याला परत गेलीस, याला येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. तो सोमवार होता. आपल्या घरात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. महादेवाच्या नंदीचा तो सुटीचा दिवस. माझ्या बापाने ठेवलं नाही, आज्याने ठेवलं नाही. गावात दुसरी बैलं मिळाली नाहीत. दिवस मावळल्यावर मी गाडी जुंपली, पण ओढ्याच्या अलीकडेच पोर जन्मलं आणि रडलं नाही. मी काय करणार होतो, तूच सांग.

असो. आता मुद्द्याचं लिहितो. मी मोटार घेतो आहे.

हसू नकोस. परवा-परवापर्यंत आपण हैदराबादचे होतो, तेव्हा असल्या खरेदीला हैदराबादला गेलो असतो. आता आपण मुंबई राज्यात, म्हणून मुंबईला जायचं. तिथल्या कापसाच्या दलालाने दीड वर्षापूर्वी माझं नाव यादीत घातलं होतं, आता नंबर लागला आहे. गाव म्हणतं धोंडप्पाला म्हातारपणी शौक सुचला. म्हणू दे. मोटारीला मान नाही, जू नाही, सोमवार नाही. कुणाला केव्हाही घालून परभणीच्या दवाखान्यात नेता येतं. एवढ्यासाठीच घेतो आहे, आणि हे मी तुझ्या आईलाही इतकं उघड सांगितलेलं नाही.

परभणीचा बन्सीधर बरोबर येणार. निजामी अमलात तो अव्वल तालुकदारांची, म्हणजे आताच्या कलेक्टरांची, मोटार हाकत होता. 'हाकत होता' म्हटलेलं त्याला खपत नाही, 'अप्पा, मोटार चलवत्यात,' म्हणतो. जाताना आगगाडीने मनमाडवरून जाऊ. येताना नव्या मोटारीने नाशिक, औरंगाबाद करत बुधवारी, ७ मेला जालन्यात तुझ्या दारात येऊ. पाऊस लागायच्या आत तू इथे आलेली बरी. दुसरं बाळंतपण माहेरी करायलाच हवं असं नाही, मला माहीत आहे. तरी ये. एकदा तरी मला नीट करू दे.

तुझे अप्पा


मुंबई
५ मे १९५८, सोमवार

चि. उमा,

हे कार्ड घाईत लिहितो आहे. निघायच्या आदल्या दिवशी जावईबापूंचं पत्र मिळालं, 'उमादेवी यायला तयार आहे, बुधवारी या.' मी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आहे. आगगाडीत दोनदा हात घालून आहे ना ते पाहिलं. बन्सीधरला वाटलं मला छातीत दुखतं आहे.

मशीद बंदराजवळ उतरलो आहोत. समुद्र पाहिला. खारट वास येतो आणि तो गप्प बसत नाही. माणसंही तशीच.

मोटार पाहिली. काळी आहे. काचेच्या मोठ्या दुकानात उभी आहे आणि तिच्यात आपलं तोंड दिसतं. बन्सीधरने बाहेरून एक चक्कर घालून 'बेश' म्हटलं. आज ताब्यात मिळायची होती, पण कागद पुरे झाले नाहीत. आजच्या दिवस उभी राहू दे. उद्या निघू. म्हणजे बुधवारऐवजी गुरुवारी येतो. एक दिवसाने काही बिघडत नाही. बोचकं बांधून ठेव.

अप्पा


खैरवाडी
११ मे १९५८

चि. उमा,

गुरुवारी तुझ्या दारातून निघालो तो अजून निघतोच आहे असं वाटतं. हे पत्र तू उघडशील की जावईबापू, ठाऊक नाही. लिंगराज, तुम्ही वाचत असाल तर तुम्हीही वाचा, लपवायसारखं आता काही उरलेलं नाही.

कागद सोमवारी सकाळी दहालाच पुरे झाले होते. दुकानातला टाय लावलेला माणूस किल्ली पुढे करून हसत उभा होता. बन्सीधर आत जाऊन बसलासुद्धा. आणि माझ्या तोंडून निघालं, "आज नको. आज सोमवार."

मी विचार करून बोललो नाही, उमा. विचार केला असता तर बोललोच नसतो. पहिल्यांदा चाक फिरवायचं आणि तेही सोमवारी, हे माझ्या जिभेलाच पटलं नाही. त्या माणसाला कळेना. तो म्हणाला, आज अमावस्या आहे का? बन्सीधर म्हणाला, "अप्पा, हिला पेट्रोल लागतंय, वैरण न्हाई." मी ऐकलं नाही. दिवसभर ती काचेत उभी आणि मी समोरच्या फुटपाथवर उभा. तिला राखत होतो की स्वतःला, देव जाणे. संध्याकाळी तुला कार्ड लिहिलं आणि त्यात कागदांचं खोटं घातलं.

मंगळवारी निघालो. कसाऱ्याच्या घाटात तिने वाफ सोडली, पाणी घालून घालून वर आणली. नाशिक, येवला, वैजापूर. वाटेत प्रत्येक गावात लोक जमायचे आणि मी खिडकीतून बघून घ्यायचो, सावकाराचा थाट. आता आठवून लाज वाटते. मागच्या बाकावर तुझ्यासाठी गादी अंथरली होती, तिच्यावर मी कुणाला बसू दिलं नाही. मीही बसलो नाही.

जालन्यात जावईबापू दारातच भेटले. त्यांनी आधी सांगितलं ते हे, की बुधवारी तू सकाळपासून बोचकं बांधून ओट्यावर बसली होतीस. जेवायलाही आत गेली नाहीस. माझं कार्ड गुरुवारी सकाळी आलं.

तू पाणी आणलंस. माझ्यापुढे तांब्या ठेवलास, बन्सीधरला दिलास. त्याला विचारलंस, उशीर का झाला म्हणून. तो बिचारा भोळा. त्याला वाटलं गंमत आहे. "मालकानं सोमवारी मोटार हलूच दिली न्हाई, बाई. दिसभर काचंत उभी!" आणि हसला.

तू हसली नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीस ते एवढंच.

"अप्पा, बैल तरी जीव होता. ही तर लोखंडाची हाय."

आणि आत गेलीस. बोचक्याची गाठ सोडल्याचा आवाज आला. जावईबापूंनी आत जाऊन पाहिलं, बाहेर येऊन मान हलवली. मला जेवून जा म्हणाले. मी कोणत्या तोंडाने जेवणार होतो?

येताना गादी तशीच होती. तुझ्या आईने पंचारती करून ठेवली होती. मोटार दारात आली, ती पुढे झाली, मागच्या खिडकीतून आत वाकून बघितलं आणि आरतीचं ताट घेऊन परत घरात गेली. मला काही विचारलं नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अप्पा


खैरवाडी
६ जुलै १९५८

चि. उमा,

जावईबापूंचं कार्ड मिळालं. बाळंतपण जालन्यातच होणार, दवाखाना घरापासून चार पावलांवर आहे, काळजी नसावी. बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर असंच लिहिलं असतं.

इकडे पाऊस बरा आहे. म्हणजे शेताला बरा, मोटारीला नाही. तुला आपली वाट ठाऊक आहे, इथून पेडगावपर्यंत दोन कोस नुसती काळी माती. बैल त्यातून पाय उपसून चालतात, ही मात्र जागच्या जागी गुरगुरते आणि आणखी खाली बसते. मुंबईला जाऊन मी सगळं पाहिलं, तिचा रंग पाहिला, भोंगा वाजवून पाहिला, आणि ती चिखलात कशी चालते हे विचारायचं तेवढं राहिलं. मुंबईत चिखल कुठे होता? ती गोठ्याशेजारच्या छपरात उभी असते. तुझ्या आईच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालतात. तुझ्या आईने आता मोटारीशी दोस्ती केली आहे, ती अंड्यांपुरती.

बन्सीधरला मी ठेवून घेतलं आहे. रोज सकाळी तो तिला सुरू करतो, थोडा वेळ आवाज ऐकतो आणि बंद करतो. बैल आधी बुजायचे, आता बघतही नाहीत.

ग्यानबा धनगर परवा मोटार बघायला आला. चारी बाजूंनी हात न लावता फिरला. म्हणाला, "अप्पा, लय झ्याक हाय." त्याची सून केवळा, तुझ्याएवढीच, तिचेही दिवस भरत आले आहेत. ग्यानबा समोर असला की मला त्याच्याकडे बघता येत नाही. का ते आज लिहीत नाही. लिहायला बसतो आणि दौत कोरडी पडली आहे असं स्वतःला सांगतो. दौत भरलेली आहे.

तुझ्या पायांवर सूज येते का? तुझ्या आईला येत होती. एवढं तरी जावईबापूंना कळवायला सांग.

अप्पा


खैरवाडी
२९ ऑगस्ट १९५८

चि. उमा,

हे पत्र तू स्वतः वाच. जावईबापूंना नंतर दे, पण आधी तू वाच.

सोमवारी, पंचवीस तारखेला, सकाळी ग्यानबा आला. श्रावणातला सोमवार, मी पूजा करून उठत होतो. तो दारात उभा राहिला, उंबऱ्याबाहेर, त्या दिवशी उभा होता तिथेच. "अप्पा, केवळा लय तळमळायलीय. चतुराबाई म्हनती प्वार आडवं हाय, आपल्या हातात न्हाई. मोटार द्या." चतुराबाई म्हणजे तीच सुईण, जी तुझ्याजवळ होती.

मी बन्सीधरला हाक मारली. तुझ्यासाठी अंथरलेली गादी अजून तशीच होती, तिच्यावर केवळाला निजवलं. चतुराबाई तिच्या उशाशी बसली. मी पुढे बसलो. दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, वाटलं जाईल मोटार. ओढ्यापर्यंत गेलीही. ओढ्याच्या उतारावर तिची मागची चाकं फिरायला लागली आणि ती हळूहळू बसली, अर्ध्या चाकापर्यंत. आम्ही सगळे उतरून ढकलायला लागलो. बन्सीधरने दगड घातले, कापसाच्या पळाट्या घातल्या, अंगातला सदरा काढून घातला. ती आणखी खाली गेली. आतून केवळा ओरडत होती. उमा, तोच ओढा. आपली गाडी त्या दिवशी ज्या बाभळीखाली थांबली होती, ती बाभळ तिथून दिसत होती.

बन्सीधर म्हणाला, "मालक, हिला बैल लावल्याबिगर न्हाई निघत."

ग्यानबाची बैलजोडी आठ दिवसांपासून लाळेच्या रोगाने पडून आहे, त्यांना उभंही राहता येत नाही. जवळात जवळ बैल माझे. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येक जण चिखलाकडे बघत होता. ग्यानबासुद्धा. त्याच्या सुनेचा जीव चालला होता आणि त्याने मला बैल मागितले नाहीत.

का मागितले नाहीत, ते आता लिहितो.

त्या दिवशी गावात दुसरी बैलं मिळाली नाहीत असं मी तुला सांगितलं, जावईबापूंना सांगितलं, स्वतःलाही सांगत आलो. खोटं आहे. दुपारी, तू आत कण्हत असताना, ग्यानबा आपली गाडी जुंपूनच आपल्या दारात आला होता. न बोलावता. म्हणाला, "अप्पा, ही धनगराची बैलं हायत, ह्येंना सोमवार न्हाई. लेकीला घाला, मी जातो घिऊन." मी त्याला परत पाठवलं. दारात आपले चार लोक बसले होते. धोंडप्पाच्या दारातून सोमवारी गाडी निघाली, मग ती कुणाची का असेना, असं उद्या कुणी म्हणेल, एवढाच विचार मी केला. तुझा केला नाही. त्याला म्हणालो, "दिवस मावळू दे." मग तो गाडी वळवून गेला. तुझी आई दाराआड होती, तिने ऐकलं. तुला आतून ऐकू आलं होतं का, हे मी दोन वर्षं स्वतःला विचारतो आहे. आलं असेल तर तू माझ्याशी का बोलत नाहीस ते कळतं. आलं नसेल, तर आता कळलं.

देवाने काही केलं नाही, उमा. नंदीनेही नाही. मी केलं.

या सोमवारी मी ओढ्यावरून घरी पळालो. एकसष्टाव्या वर्षी चिखलातून जेवढं पळता येतं तेवढं. वाटेत मी मनाशी काय-काय बोललो ते सांगत नाही. वाटत होतं, दावणीपाशी गेलो की हात उचलणार नाही. दारात आलो तर तुझी आई अंगणात उभी होती. दोन्ही बैल सोडलेले, दोन्ही कासरे तिच्या हातात, जू भिंतीला टेकवून ठेवलेलं. कुणीतरी पुढे येऊन तिला सांगितलं असेल. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आज वार कोणता म्हनून इचारू नका."

मी विचारलं नाही. ओढ्यावर नेऊन जू उचललं. मला वाटलं बैल अडतील. बसतील, शिंगं उगारतील, काहीतरी करतील. साठ वर्षं मी हेच समजत होतो की त्यांना तो दिवस कळतो. हरण्याने मान पुढे केली. मोऱ्यानेही केली. रविवारी करतात तशीच. त्यांना वार माहीत नव्हता, उमा. तो फक्त मला माहीत होता.

ग्यानबाने दोर मोटारीला बांधला. बैलांनी गुडघे टेकून ओढलं. तिसऱ्या हिसक्याला ती निघाली. उरलेली सगळी वाट, पेडगावच्या पक्क्या सडकेपर्यंत, पुढे बैल आणि मागे मुंबईहून आणलेली मोटार. बन्सीधर आत बसून नुसतं चाक धरून होता. सडकेला लागल्यावर मी दोर सोडला. ते परभणीला गेले आणि मी बैलांजवळ राहिलो. त्यांच्या मानेवर हात ठेवून मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आपलं पोर आठवलं. ते मुलगा होतं की मुलगी, हे मी तेव्हा विचारलंसुद्धा नव्हतं. काल तुझ्या आईला विचारलं. मुलगी होती म्हणाली.

केवळाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे, आणखी तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. ग्यानबा सांगायला आला, पेढे नव्हते म्हणून गूळ घेऊन आला. "अप्पा, तुमच्या बैलांमुळं," एवढंच म्हणाला. मोटारीचं नावही काढलं नाही. आणि जुनं काही काढलं नाही. त्याने काढलं असतं तर मला पाय धरता आले असते.

आपल्यातली दोन घरं माझ्याशी बोलेनाशी झाली आहेत. मठातले स्वामी येऊन गेले, प्रायश्चित्त घ्या म्हणाले. मी म्हटलं, घेतो, पण या सोमवारचं नाही, दोन वर्षांपूर्वीच्या सोमवारचं. त्यांना कळलं नाही. तुला कळेल.

मोटार पेडगावला सडकेच्या कडेला एका ओळखीच्याच्या छपरात ठेवली आहे. चिखल वाळेपर्यंत ती तिथेच राहील. ज्या कामासाठी तिला एवढ्या लांबून आणलं ते काम तिला येत नाही, आणि ज्यांना येत होतं ते दावणीला बांधलेले होते.

आता तुला बाळंतपणाला ये म्हणत नाही. जालन्याचा दवाखाना जवळ आहे, तिथेच राहा, जावईबापूंचं ऐक. मला माफ कर असंही म्हणत नाही. ते मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. फक्त पुढे कधी, वर्षाने, दोन वर्षांनी, बाळाला घेऊन यावंसं वाटलं तर ये. पत्र टाकायची गरज नाही. जालन्याकडून येणारी गाडी पेडगावला थांबते, त्या वेळेला मी दर सोमवारी स्टेशनावर बैलगाडी जुंपून उभा राहणार आहे. बैलांची सुटी मी मंगळवारी देईन.

दुसऱ्या कुठल्या दिवशी आलीस तर गडी येईल न्यायला. सोमवारी मीच असेन.

तुझे
अप्पा